आधी बस, मग सांगते

धरणगावच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर पावत्या लिहिते.
कपाशीची गाडी काट्यावर चढते, आकडा थरथरतो, थांबतो.
गाडी नंबर, नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन,
आणि मधेच कुठेतरी ओळ खाली घसरू लागते.
पेन चालू असतो.
मी नसते.

एकदा उखा पाटलांच्या पावतीवर
बत्तीस क्विंटलच्या पुढे मी लिहून ठेवलं होतं:
कोंबड्या आत घ्या, पूल ओला आहे.
पाटलांनी पावती डोळ्यांजवळ धरली.
म्हणाले, ताई, याचे किती कापले?

भिकन हमाल तेवढा काचेवर नाणं वाजवतो,
गाडी उनी वं ताई.
बाकीचे मालकाच्या केबिनकडे बघतात.

सासूबाई म्हणतात, दिनभर झोपस, रातले टक्क जागस.
खरं आहे.
रात्री दोनला डोळे उघडतात आणि अंग उघडत नाही.
माठाजवळ कुणीतरी उभं असतं.
येतं, छातीवर बसतं, सावकाश, जागा आपलीच असल्यासारखं.
शेजारी नवरा घोरतोय, भिंतीवर घड्याळ दिसतंय,
हाक तोंडापर्यंत येते
आणि ओठ दुसऱ्याच कुणाचे.

कानबाईच्या रात्री जागरणाला बसले.
नारळाला डोळे लावलेली, नथ घातलेली ती टक्क जागी,
मी तिच्यासमोर तबकासकट आडवी.
दिव्याचं तेल रोटांवर सांडलं.
एक बाई म्हणाली, अंगात आलं.
दुसरी म्हणाली, अंगात आलं असतं तर उठली नसती का?

धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.
दुसऱ्यांनी विचारलं, घरात काही टेन्शन?
अकरा वर्षांनी नाशिकला डोक्याला वायरी चिकटवून
एक रात्र आणि एक दिवस झोपवलं मला.
झोपायचे पैसे भरले, हे नवऱ्याला अजून पचलेलं नाही.
कागदावर नाव आलं, नार्कोलेप्सी.
सासूबाईंना त्यातला नारळ तेवढा ऐकू आला.
तरी मी म्हटलं होतं, म्हणाल्या,
आणि एक देवीला फोडला.

झोपेचं एक वेळ सांगता येतं.
हसण्याचं कुणाला सांगू?

मळ्यात भरीत होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर
वांगी तडतडत होती, दीर पुन्हा तीच
विकलेली म्हैस रात्रीतून परत आल्याची गोष्ट सांगत होता.
मला हसू आलं.
आधी हनुवटी गेली, मग मान, मग गुडघे.
कळण्याच्या भाकरीशेजारी मातीत पडले
आणि सगळं ऐकत राहिले:
प्यायली का हो? नाटकं नुसती. पाणी मारा तोंडावर.
कुणीतरी म्हैस तिथेच सोडून दिली.
भाजल्या वांग्याची साल निघावी तशी माझी ताकद निघालेली,
आत मी गरम, अख्खी, जागी.
मिनिटभरच. पण पंगतीतलं मिनिट.

तेव्हापासून विनोद लांबून येताना दिसला
की मी मीठ मोजते, वाती वळते, मनात तेराचा पाढा म्हणते.
जिनिंगमध्ये म्हणतात, घुमी बाई.
लग्नात म्हणतात, गर्विष्ठ.
म्हणू देत. दोन्हींत उभं राहता येतं.

परवा रेवा शाळेतून धावत आली.
नऊ वर्षांची, एक चप्पल रस्त्यातच,
तोंडात गोष्ट मावत नव्हती, गाल फुटायला आलेले.
आणि दारातच थांबली.
श्वास गिळला. आत आली.
माझ्या हातातली पळी काढून घेतली, गॅस बंद केला,
मला भिंतीशी नेऊन पाठ टेकवून बसवलं,
डोक्यामागे उशी खोचली, दाबून पाहिली,
भिकन पोत्याची शिवण पाहतो तशी.
नाही, अजून मागे सरक, म्हणाली.
हात मांडीवर ठेव.
पडलीस तर मी आहे, पूर्ण होईपर्यंत सांगणार आहे.

मग समोर मांडी घालून बसली,
आणि म्हणाली, आज हेडसरांच्या खुर्चीवर ना, आई,
एक बकरी

मी आधीच थरथरायला लागले होते.